येणाऱ्यांसाठी बांधलेली घरं

फार जुन्या काळी एका डोंगरमाथ्यावर घोंगड्यांचं एक गाव होतं. तिथली घोंगडी अशी घट्ट विणीची की मुसळधार पावसात डोक्यावरून घेतली तरी आतला माणूस कोरडा राहायचा. धनगर लोकर आणून द्यायचे, बायका ती पिंजून सूत काढायच्या, सणगर मागावर बसून विणायचे, आणि लमाणांचे बैल घाटाने चढून येऊन सगळा माल खालच्या पेठेत नेऊन विकायचे. गाव लहान होतं, पण कुणाचा हात रिकामा नव्हता.

मग एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली. वाटेचा मधला तुकडाच दरीत गेला. एकटादुकटा माणूस कपारीला धरून कसाबसा पलीकडे जाऊ शके, पण लादलेला बैल जाणं शक्य नव्हतं. लमाणांनी एकदोनदा खालून वर पाहिलं आणि ते माघारी वळले. पुढे ते यायचेच थांबले.

माल घरात पडून राहायला लागला, तशी माणसं गाव सोडायला लागली. राजधानीत मोठ्या व्यापाऱ्यांनी मागांचे कारखाने काढले होते. तिथे रोज काम होतं. आधी एक तरुण गेला, त्याच्यामागून त्याचा भाऊ गेला, मग जोडपी जायला लागली. कुणी कायमचं जातो असं म्हणालं नाही. प्रत्येकजण म्हणाला, "वाट सुधारली की येतोच."

या गावात म्हाळाप्पा नावाचा एक सणगर राहत होता. बायको लवकर वारली होती. एक लेक होती, सुंद्रा. तिला त्याने मागाशेजारी बसवून वाढवलं होतं. चिंचोक्याची खळ शिजवायची, ती ताण्याला घासून लावायची, तुटलेला धागा दिसणार नाही असा जोडायचा, सगळं ती त्याच्याकडून शिकली. तिला परगावी द्यायला नको म्हणून त्याने घरजावई पाहिला. पण दरडीनंतर दोन वर्षांनी जावई म्हणाला, "मामा, इथे बसून दिवस निघत नाही." आणि सुंद्रा नवऱ्यामागोमाग निघून गेली.

जाताना ती म्हणाली, "आबा, तुम्हीही चला."

म्हाळाप्पा म्हणाला, "मी गेलो तर तू परत कुणाकडे येशील?"

त्यानंतर तो रोज विणायचा, पण पूर्वीसारखं जमायचं नाही. मागावर बसलं की शेजारची रिकामी जागा डोळ्यांत खुपायची. कधी खळ पातळ झाली तर तो बोलून जायचा, "सुंद्रे, जरा आटव गं," आणि मग आपणच उठून चुलीपाशी जायचा. घाटाच्या तोंडाशी कुणी माणूस दिसला की त्याचे हात थांबायचे. माणूस जवळ आला आणि कुणी दुसराच निघाला की ते पुन्हा चालू व्हायचे.

त्या राज्यावर एक वयस्कर राणी राज्य करत होती. राजधानी फुगत चालली आणि लहान गावं ओस पडत चालली, हे तिला दिसत होतं. एके दिवशी तिने खजिना उघडला आणि दवंडी पिटवली: "प्रत्येक लहान गावाला खजिन्यातून एकदाच मदत मिळेल. गावाने मिळून एकच काम ठरवायचं. अट एवढीच, की त्या कामाने गावातल्या माणसांच्या पोटापाण्याची सोय व्हावी." लोकांनी या मदतीचं नाव 'उभारी' ठेवलं.

उभारी घेऊन राणीचा कारभारी गावात आला. तो शांत, कमी बोलणारा माणूस होता. पारावर सगळे जमल्यावर तो म्हणाला, "काय करायचं ते तुम्ही ठरवा. राणीसाहेबांनी मला सल्ला द्यायची मनाई केली आहे. मी पुन्हा येईन तेव्हा एवढंच बघेन, की हाताला काम मिळालं का."

पहिल्यांदा लोहार बोलला. "यात विचार कसला करायचा? घाटाची वाट बांधून काढू. दरीच्या बाजूने घडीव दगडाचा बांध घालायचा, त्यावर भराव टाकायचा. बैल चढायला लागले की लमाण येतील."

बऱ्याच माना हलल्या. म्हाळाप्पाची मात्र हलली नाही. वाट म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे येणारे बैल आले नाहीत. त्याला पाठमोरी सुंद्रा दिसली, कपारीला धरून एकेक पाऊल टाकत जाणारी. इतकी अवघड वाट असूनही एवढी माणसं गेली. ती सोपी केली तर मागे कोण उरणार?

गावात त्याच्या शब्दाला मान होता. तो उठला तसे सगळे त्याच्याकडे वळले.

"वाट म्हणजे जायचीच असते," तो म्हणाला. "आतापर्यंत आपण तिच्यावरून माणसं जातानाच पाहिली. मी म्हणतो, गेलेल्यांसाठी घरं बांधू. चांगली दगडी, सागवानी वाशांची. त्यांना निरोप धाडू की बाबांनो, तुमची घरं तयार आहेत. माणसं आली की माग चालतील. माग चालले की बाकीचं आपोआप होईल."

 पारावर असा एकही नव्हता ज्याचं कुणी गेलं नव्हतं. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी म्हणालं, "माझ्या धाकट्याला पूर्वेकडचं दार लागतं." दुसरा म्हणाला, "आमच्या सुनेला परसदार हवं." लोहाराचाही एक भाऊ गेलेला होता. तो खाली बसला.

तेवढ्यात ठकू उठली. ठकू विधवा होती, सूत कातायची. तिचा मुलगा सिदू बायकोसह अजून गावातच होता आणि मिळेल ते काम करत होता.

"दादा," ती म्हणाली, "जे गेले त्यांच्यासाठी घरं. बरं आहे. पण जे राहिले त्यांच्यासाठी काय?"

"ते तर आहेतच की इथे," म्हाळाप्पा म्हणाला.

"आज आहेत," ठकू म्हणाली आणि बसली.

तिचं बोलणं कुणी खोडलं नाही आणि कुणी मनावरही घेतलं नाही. घरं बांधायचं ठरलं.

बाहेरून पाथरवट आले, सुतार आले. गावाच्या पश्चिमेला नवी आळी उभी राहायला लागली. ते दिवस आनंदाचे होते. म्हाळाप्पा माग सोडून तिथेच असायचा. सुंद्राच्या घराचा प्रत्येक दगड त्याने हात फिरवून पाहिला. खिडकी अशा बाजूला ठेवली की मागावर बसल्यावर डाव्या खांद्यावरून उजेड यावा, तिला तसाच लागायचा. जमीन त्याने स्वतः चोपली आणि ठकूकडून सारवून घेतली. कारागिरांना भाकरी करून घालणाऱ्या बायकांना चार पैसे मिळाले, सिदूला दगड वाहायचं काम मिळालं. उभारी म्हणतात ती हीच, असं सगळ्यांना वाटलं.

घरं पूर्ण झाली. कारागीर आपापल्या गावी गेले. उभारीची थैली रिकामी झाली. राजधानीत निरोप गेले आणि गाव सोडून गेलेली माणसं गावच्या बिरोबाच्या जत्रेला खरोखरच आली.

त्या जत्रेसारखी जत्रा गावाने कधी पाहिली नव्हती. नव्या आळीत दारोदार तोरणं लागली. पोरांनी ओट्यांवर धुडगूस घातला. सुंद्रा नवऱ्याला आणि लहानग्या मुलीला घेऊन आली. तिने सगळं घर फिरून पाहिलं, भिंतींना हात लावला, खिडकीपाशी उभी राहिली आणि हसली. म्हाळाप्पाला वाटलं, इतक्या वर्षांचं सगळं भरून निघालं.

जत्रा संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळाप्पा दूध घेऊन आला, तर जावई गाठोडी बांधत होता.

"हे काय?" त्याने विचारलं.

सुंद्रा चुलीपाशी बसली होती. ती उठून जवळ आली. "आबा, कामावर हजर व्हायला हवं. उद्या नाही पोचलो तर मागावर दुसऱ्याला बसवतील."

"पण आता घर आहे ना तुला?"

सुंद्राने पदराला हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "घर तर तेव्हाही होतं, आबा. तुमचं घर काय लहान होतं का? मी घर नाही म्हणून गेले नव्हते."

म्हाळाप्पाच्या हातात दुधाचा तांब्या तसाच राहिला. नातीने तो घेतला आणि ती घटाघटा दूध प्यायली. मग ती तिघं निघाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून सगळेच निघाले. मागे राहिलेल्या आयांनी नव्या घरांच्या कड्या लावल्या. काही दिवस त्या रोज जाऊन ओटे झाडत होत्या. पुढे आठवड्याने झाडायला लागल्या.

पावसाळा सरला आणि सिदूही बायकोला घेऊन निघाला. नव्या आळीचं काम संपल्यावर त्याला गावात काहीच उरलं नव्हतं. तो म्हाळाप्पाच्या पाया पडायला आला तेव्हा म्हाळाप्पाने त्याला थांब म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण कशासाठी थांब म्हणायचं, ते त्याला सापडलं नाही. तो म्हणाला, "जपून जा. कपारीपाशी ओल असेल."

दुपारी ठकू त्याच्या दारात आली. ती भांडायला आली असं त्याला वाटलं. भांडली असती तर बरं, असंही वाटलं.

"दादा," ती म्हणाली, "तुमची सुंद्रा गेली तेव्हा मी इथे येऊन बसले होते. आज तुम्ही माझ्याकडे येऊन बसा."

तो तिच्याबरोबर गेला. दोघं तिच्या ओट्यावर दिवस मावळेपर्यंत बसली. समोर सिदूच्या बायकोने वाळत घातलेलं लुगडं राहून गेलं होतं. ते वाऱ्याने हलत होतं. दोघांपैकी कुणीच उठून काढलं नाही. तिथे बसल्या बसल्या म्हाळाप्पाला कळलं की आपण गावासाठी काही मागितलंच नव्हतं. आपल्याला लेक हवी होती. तिची आठवण आपण दगडात बांधली आणि तिला उभारी म्हणालो.

थोड्याच दिवसांनी राणीचा कारभारी आला. तो नव्या आळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. सगळीकडे कड्या लागलेल्या होत्या. एका ओट्यावर शेळी बसली होती.

"इथे कोण राहतं?" त्याने विचारलं.

गावकरी एकमेकांकडे पाहायला लागले. कुणीतरी म्हणालं, "येतील आता. निरोप गेलेत."

म्हाळाप्पा पुढे झाला. "इथे कुणी राहत नाही, कारभारी. हे करायचं मी सुचवलं. हाताला काम मिळालं नाही. होता तोही एक हात गेला."

कारभारी त्याच्याकडे वळला. "मदत एकदाच द्यायचा नियम आहे," तो म्हणाला. "शिक्षेचा नियम नाही. राणीसाहेबांना काय सांगू?"

"सांगा की घरं चांगली आहेत," म्हाळाप्पा म्हणाला. "दगड चांगला आहे. आम्हाला लागेल तो."

कारभाऱ्याला त्याचा अर्थ कळला नसावा. गावालाही कळला नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी कळला, जेव्हा म्हाळाप्पा पहार घेऊन सुंद्राच्या घरापुढे उभा राहिला. त्याने आधी कौलं उतरवली, मग वासे. शेजारपाजारचे धावत आले.

"अहो, लेकीचं घर पाडता?" लोहाराने विचारलं.

"तूच म्हणाला होतास, दरीच्या बाजूने घडीव दगडाचा बांध लागेल," म्हाळाप्पा म्हणाला. "पाथरवट पुन्हा आणायची ऐपत आपल्यात नाही. दगड मात्र आहेत, घडवलेले."

"पण तिने विचारलं तर काय सांगाल?"

म्हाळाप्पा पुन्हा कामाला लागला. खिडकीची चौकट निघेना, तेव्हा त्याने पहार खाली ठेवली, चौकटीला धरून क्षणभर कपाळ टेकलं आणि पुन्हा पहार उचलली. पहिला दगड त्याने स्वतःच्या पाठीवरून घाटात नेला. वाटेत दोनदा टेकावं लागलं. परत आला तेव्हा ठकू दुसरा दगड गोणपाटात गुंडाळत होती. त्या दिवशी दोघंच होती. दुसऱ्या दिवशी लोहार आला. मग ज्या म्हातारीने पारावर डोळे पुसले होते, ती आली आणि म्हणाली, "माझ्या धाकट्याच्या घराचंही घ्या. पूर्वेचं दार तेवढं मला ठेवा."

उभारीच्या बळावर जे काम एका उन्हाळ्यात झालं असतं, त्याला आता कित्येक उन्हाळे लागले. म्हातारी माणसं, बायका, पोटाला चिमटा घेऊन काम करणारे हात. एका पावसाळ्यात अर्धा बांध वाहून गेला आणि पुन्हा पहिल्यापासून रचावा लागला. म्हाळाप्पा दमला, त्याला दमा जडला, पण तो जाऊन सावलीत बसून दगड कसा लावायचा ते सांगत राही. नव्या आळीतली काही घरं उरली होती. शेजारच्या दुष्काळी मुलखातून दोन सणगर कुटुंबं भटकत आली, त्यांना गावाने त्यातली दोन घरं राहायला दिली. ती माणसं बांधावर राबायला लागली, आणि कामातून वेळ मिळाला की माग चालवायला लागली.

शेवटी एका हिवाळ्यात वाट जुळली. पहिल्यांदा गावातला एक म्हातारा बैल तिच्यावरून नेऊन पाहिला. तो सावकाश गेला आणि सावकाश आला. महिनाभरात लमाणांचा तांडा वर चढला. वर्षानुवर्षं घरात पडलेल्या घोंगड्या उन्हात टाकून झटकल्या आणि बैलांवर चढल्या. पुढच्या खेपेला लमाणांनी आणखी मागितल्या. धनगरांनी लोकर आणली. विणताना पाय सोडायचे मागांखालचे खड्डे साफ झाले.

सिदूही आला, पण राहायला नाही. त्याने राजधानीत दोन बैल घेतले होते. तो इथला माल तिथे न्यायचा आणि तिथलं मीठ-लोखंड इथे आणायचा. महिन्यातून काही दिवस आईकडे असायचा. वाट जायची असते तशी यायचीही असते, हे म्हाळाप्पाने त्याच्याकडे पाहून ओळखलं.

सुंद्रा त्यानंतरच्या जत्रेला मुलीला घेऊन आली. मधल्या वर्षांत तिला येता आलं नव्हतं, आणि जावई याही वेळी कामामुळे तिकडेच राहिला होता. तिची मुलगी आता आईच्या खांद्याला लागली होती. सुंद्रा थेट नव्या आळीकडे गेली. तिथे तिच्या घराच्या जागी मोकळं चौकोनी अंगण होतं, आणि एक अनोळखी बाई त्यात ताणा पसरून त्याला खळ घासत होती. सुंद्रा तिथे उभीच राहिली. मग ती जुन्या घरी आली. म्हाळाप्पा मागावर बसला होता.

"आबा," तिने विचारलं, "माझं घर कुठे आहे?"

या प्रश्नाची त्याला इतकी वर्षं भीती वाटत आली होती. त्याने धोटा खाली ठेवला.

"तू त्याच्यावरूनच चालत आलीस, बाळ," तो म्हणाला. "दरीच्या बाजूचा बांध आहे ना, त्यात आहे."

सुंद्रा उंबऱ्यावर बसली.  तिला वाईट वाटलं की काय ते म्हाळाप्पाला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. मग ती म्हणाली, "चालताना पोरगी म्हणत होती, आई, या वाटेवर भीती नाही वाटत."

एवढं बोलून ती उठली आणि चुलीवरची खळ ढवळायला लागली. खळ पातळ झाली होती. तिने न विचारता खाली दोन काटक्या सारल्या.

जत्रेनंतर ती निघाली. जावयाचं काम होतं, मुलीचं सगळं जग तिथेच होतं. जाताना तिने नवीन आलेल्या बाईला ताण्याबद्दल काहीतरी विचारलं, आणि म्हाळाप्पाला म्हणाली, "इकडे यायचं घरी गेल्यावर यांच्याशी बोलून बघते, आबा. लगेच होईल असं नाही."

"बघ," म्हाळाप्पा म्हणाला. "माझी घाई नाही." ते खोटं होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं.

तो तिला घाटाच्या तोंडापर्यंत सोडायला गेला. मायलेकी बोलत बोलत उतरत होत्या, कपारीला न धरता, शेजारी शेजारी चालत. खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज वर येत होता. त्या दिसेनाशा झाल्या तरी तो उभा राहिला. मन दुखत होतं, ते काही कमी झालं नव्हतं. पण त्या वाटेचा त्याला राग आला नाही. थोड्या वेळाने तांडा वर आला, लमाणाने रामराम घातला आणि विचारलं, "घोंगड्या तयार आहेत का, बाबा?" म्हाळाप्पा त्याच्याबरोबर गावाकडे चालायला लागला.

तात्पर्य एवढंच: गेलेल्यांची वाट जरूर पाहावी, पण हाती आलेली मदत राहिलेल्यांच्या हाताला द्यावी. राहिलेले उभे राहिले, तरच येणाऱ्यांना यायला जागा उरते.